निवाडा झाला, झोप आली नाही

पोहरादेवीला माणसं देवीच्या दर्शनाला येतात, तशी मन मोकळं करायलाही येतात. रामनवमीच्या यात्रेत हे दरवर्षी दिसतं. तेलंगणातून, कर्नाटकातून, मध्य प्रदेशातून आलेल्या आमच्या बंजारा बायका वर्षा-दोन वर्षांनी एकमेकींना भेटतात, गळ्यात गळा घालतात आणि सूर धरून मोठ्यानं रडतात. गेलेल्या आईबापाची आठवण, भावाचं नाव, सासरी सोसलेलं, सगळं त्या सुरात येतं. नवख्या माणसाला वाटतं, कोणीतरी दगावलं. थोड्या वेळानं त्याच बायका डोळे पुसून प्रसादाच्या पंगतीत हसत बसलेल्या दिसतात. लग्नात नवरी ढावलो गाते तेव्हा बायका तिच्यासोबत रडतात. श्रावणात कुमारिका टोपल्यांत गहू पेरून तीज वाढवतात आणि ती बोळवायच्या दिवशी भावांच्या गळ्यात पडून रडतात. आमच्या समाजानं रडण्याला जागा ठेवली आहे, वेळ ठेवली आहे, सूरही ठेवला आहे.

माझं दुखणं असं होतं की मला रडूच येत नव्हतं.

मी वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातली, तांड्यावरची. माहेर आणि सासर दोन्ही पोहरादेवीच्या आसपास. संत सेवालाल महाराजांची, आमच्या सेवाभायांची, समाधी इथे आहे, जगदंबेचं मंदिर इथे आहे, म्हणून देशभरातला बंजारा ह्या गावाला आपली काशी मानतो. मी दिग्रसला बी.ए. केलं. लग्नानंतरच्या हंगामात आम्ही दोघं पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला गेलो, कारण लग्नाच्या खर्चासाठी सासऱ्यांनी मुकादमाकडून उचल घेतली होती आणि ती आम्हा जोडप्याला फेडायची होती. पहिली मुलगी झाल्यावर मी घरी राहिले. नवरा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर गेला. तो होळीला आणि दिवाळीला यायचा, बाकी सगळा संसार फोनवर.

धाकटा मुलगा 2024 च्या पावसाळ्यात झाला. बाळंतपण सुखाचं झालं, मुलगा झाला म्हणून घरात आनंद होता. मला मात्र काही दिवसांतच वाटायला लागलं की मी काचेच्या पलीकडे बसले आहे. बाळ रडायचं, मी उठायचे, पाजायचे, ठेवून द्यायचे. माया येत नव्हती. रात्री बाळ झोपलं तरी मी जागी. छताच्या पत्र्याकडे बघत राहायचे आणि पहाटे कोंबडा आरवला की घाबरायचे, कारण आता पुन्हा एक दिवस काढायचा आहे. भाकरीची चव लागत नव्हती. कोणी विचारलं तर मी "बरी आहे" म्हणायचे. दुसरं काय म्हणायचं, हे मला माहीत नव्हतं.

त्या वर्षी नवरात्रात, 5 ऑक्टोबरला, पोहरादेवीत नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. आमच्यासाठी तो दिवस सणासारखा होता. म्हाताऱ्या बायकांनी पेटीतून आरशाचे फेटिया-काचळी काढले, पोरांनी टोप्या घातल्या, तांडा रिकामा झाला. सासू दारात उभी राहून म्हणाली, "अव, सारं जग चाललं, तू कायले घरात बसली?" मी म्हटलं, बाळाला ताप आहे. बाळाला ताप नव्हता. दुपारभर लांबून भोंग्याचा आवाज येत होता आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझ्या आयुष्यात पोहरादेवीला काही असताना मी घरी राहिले, असं कधी झालं नव्हतं.

नवऱ्याशी भांडण त्याच काळात वाढलं. तो रात्री कामावरून आला की व्हिडिओ कॉल करायचा. मी कधी उचलायचे, कधी नाही. उचलला तरी बोलायला शब्द नसायचे. त्याला वाटलं, हिचं मन दुसरीकडे आहे. "कॅमेरा फिरव, घरात कोण आहे ते दाखव," असं तो एकदा म्हणाला, आणि मग रोज म्हणायला लागला. मला वाटायचं, ह्याला तिकडे कोणीतरी आहे, म्हणून तो माझ्यावर आळ घेतो. पैसे तो सासूच्या खात्यावर पाठवायचा. बाळाच्या डबीभर पावडरसाठीही मला हात पसरावा लागायचा. दिवाळीत तो आला तेव्हा पिऊन आला. शेजारपाजार गोळा होईल इतका आरडाओरडा झाला आणि मी दोन्ही लेकरं घेऊन माहेरी गेले.

आमच्याकडे असं झालं की गोष्ट नायकाकडे जाते. तांड्याला नायक असतो, कारभारी असतो, जाणती माणसं असतात. ती बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, निवाडा देतात. बाहेरच्या लोकांना हे मागासलेपण वाटतं. मला वाटत नाही. पोलिसात गेलेलं भांडण वर्षानुवर्षं लटकतं, वकिलाच्या फीमध्ये एकराचा तुकडा जातो. आमच्या नायकानं एका संध्याकाळी माझ्या वडिलांचं ऐकलं, सासऱ्यांचं ऐकलं, नवऱ्याला चार शब्द सुनावले. निवाडा असा झाला : नवऱ्यानं घरखर्चाचे पैसे बायकोच्या खात्यावर टाकायचे, दारू पिऊन तांड्यात यायचं नाही, सुनेनं आठ दिवसांत सासरी परत जायचं. नवऱ्यानं सगळ्यांसमोर हात जोडले. गूळ वाटला गेला. निवाडा न्यायाचा होता, हे मी आजही म्हणेन.

पण त्या बैठकीत मी मागे, बायकांत बसले होते. माझ्या वतीनं माझे वडील बोलले. त्यांनी पैशाचं सांगितलं, दारूचं सांगितलं, आळ घेतल्याचं सांगितलं. मला झोप येत नाही, लेकराची माया येत नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी एवढ्या पुरुषांत ते त्यांनी कसं मांडलं असतं? बैठक भांडण मिटवते. भांडणामागे जे माणूस आजारी असतं, त्याच्यासाठी बैठकीत जागा नसते. मी ठरल्याप्रमाणे सासरी गेले. पैसे माझ्या खात्यावर यायला लागले. रात्र तशीच.

सासूनं आपल्या परीनं उपाय केले. पोहरादेवीला नेलं, अरदास केली, भोग लावला. त्या गाभाऱ्यात मला थोडं बरं वाटलं, हे खरं आहे. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून दूरच्या एका जाणत्याकडे नेलं. त्यानं बाहेरचं लागलंय म्हणून सांगितलं, लिंबू दिला, पैसे घेतले आणि बाळाला माझ्यापासून रात्री वेगळं झोपवायला सांगितलं. त्यानं मी आणखी खचले. माझ्यामुळेच लेकराला बाधा होते, असं मनानं घेतलं.

आशाताई बाळ बघायला घरी यायची. लहान बाळांच्या घरी ठरलेल्या महिन्यांनी फेरी मारणं हे तिच्या कामातच आहे. तिनं बाळाचं वजन केलं, कार्डावर लिहिलं, आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, लेकराचं राहू द्या. तुमी कवा झोपल्या होत्या?"

मला तोवर हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले आणि सांगता सांगता आवाज बसला. तिनं सासूला चहा ठेवायला पाठवलं. मग म्हणाली, असं बाळंतिणीला होतं, ह्याला बाधा म्हणत नाहीत, ह्याला औषध आहे. आमच्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 पासून शासनाचा प्रेरणा प्रकल्प आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत आशा घरोघर जाऊन खचलेली माणसं शोधतात. त्या प्रशिक्षणात ती हे शिकली होती. तिनं आपल्या फोनवरून 14416 लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

हा टेली मानसचा नंबर. 10 ऑक्टोबर 2022 ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारनं ही सेवा सुरू केली. मला वाटलं होतं, इंग्रजीत बोलतील किंवा हिंदीत. पलीकडची बाई मराठीत बोलली. तिनं आधी विचारलं, तुमच्याजवळ आत्ता कोण आहे, बाळ कुठे आहे. मग विचारलं, शेवटचं पोटभर कधी जेवलात. आणि मग, कुठलाही आडपडदा न ठेवता, जगणं नको असं मनात येतं का. मी म्हटलं, सगळं थांबावं असं वाटतं. ती घाबरली नाही, ओरडली नाही, लेकरांचा विचार करा असंही म्हणाली नाही. लेकरांचा विचार मी रात्रंदिवस करतच होते, त्यातूनच तर ते येत होतं. ती म्हणाली, हे तुम्ही मला सांगितलंत ते फार चांगलं केलंत, आता आपण हे एकटीवर ठेवायचं नाही. आशाताईनं फोन घेतला, त्यांनी दोघींनी ठरवलं की मला वाशिमला न्यायचं, आणि तोवर रात्री माझ्यासोबत कोणीतरी झोपायचं. माझी आई येऊन राहिली.

मानोरा, मंगरूळपीर करत वाशिमला गेलो. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात, हे मला बी.ए. होऊनही माहीत नव्हतं. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे. वेड्यांचा दवाखाना म्हणजे नागपूरचं मनोरुग्णालय, एवढंच आमच्या डोक्यात. आई तर दारापाशी थबकली आणि पदरानं तोंड झाकून आत आली. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडला तरी माणूस असंच मलूल होतं, म्हणून ते आधी बघतात. माझं रक्त कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि मनासाठी अंगावर पाजताना चालेल अशी एक गोळी. ती गोळी लगेच गुण देत नाही, दोन-तीन आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आमच्याकडे दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर बदलतात, म्हणून हे सांगणं गरजेचं होतं.

मग समुपदेशक मॅडमची खोली. त्यांनी एक कागद काढला, दहा प्रश्नांचा. एडिनबर्गच्या डॉक्टरांनी 1987 मध्ये बाळंतिणींसाठी केलेली ही प्रश्नावली आहे. गेल्या सात दिवसांत हसण्यासारख्या गोष्टीवर हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, भीती वाटली का, असे साधे प्रश्न. बाळंतपणानंतरचं नैराश्य असं त्यांनी माझ्या दुखण्याचं नाव सांगितलं. भारतातल्या अनेक अभ्यासांची मिळून जी मोजदाद 2017 मध्ये छापून आली, तिच्यात शंभर बाळंतिणींत बावीस जणींना हे आढळलं. मी मनात तांड्यातल्या बाळंतिणी मोजायला लागले. कोणीच कधी बोललं नव्हतं.

मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली की तुम्ही इथे जे बोलाल ते ह्या खोलीत राहील, जिवाला धोका असेल तरच आम्ही दुसऱ्याला सांगू. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. तांड्यात राहणाऱ्या बाईला ह्याचं मोल काय, ते शहरातल्या माणसाला समजणं अवघड आहे. आमच्याकडे भिंती एकमेकींना लागून असतात. सकाळी सासूशी बोललेलं दुपारी हातपंपावर ऐकू येतं.

मी पहिल्या भेटीतच त्यांना विचारलं, "मॅडम, चूक कोणाची आहे, माझी का त्यांची?" त्या म्हणाल्या, "ते मी ठरवणार नाही." मला राग आला. एवढ्या लांबून, बसचं तिकीट काढून, कडेवर लेकरू घेऊन आले आणि ही बाई निवाडा देत नाही. नायकानं तरी दिला होता. पुढे पंधरवड्याला पंधरवड्याला जात राहिले तसं लक्षात आलं की निवाडा न देणं हेच त्यांचं काम आहे. चूक कोणाची हे ठरलं की एक जण खाली बघतो, दुसरा वर बघतो, आणि बोलणं तिथंच संपतं.

त्यांनी मला एक वही करायला लावली. पूर्वी काय करायला आवडायचं, असं विचारलं. मी म्हटलं, कशिदा. माझ्या आजीचा हात त्यात बसलेला होता, तिनं मला काच लावायला, कवड्या शिवायला शिकवलं होतं. मॅडम म्हणाल्या, रोज थोडा वेळ सुई हातात घ्या, मन लागो न लागो. संध्याकाळी वहीत लिहा, काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं. मी म्हटलं, मन लागेल तेव्हा करीन. त्या म्हणाल्या, आजारात हे उलटं असतं, आधी हात चालतात, मन मागून येतं. पहिले काही दिवस मी नुसतं लिहायचे, "सुई धरली, काही वाटलं नाही." एक दिवस लिहिलं, "मुलीनं जवळ येऊन आरसा मागितला, तिच्या गालावर उजेड पडला, बरं वाटलं." ते वाचताना मॅडम थांबल्या. मला त्या खोलीत पहिल्यांदा रडू आलं, आणि ते थांबवावंसं वाटलं नाही.

ही रीत कोण्या एका मॅडमची नाही, हे नंतर कळलं. गोव्यात संगाथ ह्या संस्थेनं साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकींत असंच काम केलं आणि ते गुणकारी ठरलं. रावळपिंडीकडच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी बाळंतिणींच्या घरी जाऊन हेच केलं. 2008 मध्ये त्याचे आकडे छापले गेले. सहा महिन्यांनंतर, ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्या बायकांत शंभरात 23 जणी नैराश्यात होत्या, ज्यांच्याशी झालं नाही त्यांच्यात 53. आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन ताणतणावाबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे शंभरात चार होते ते दीड वर्षात सत्तावीसपर्यंत गेले. मी हे आकडे मुद्दाम देते. आमच्या तांड्यातल्या बाप्यांना बाईच्या रडण्यापेक्षा आकडा लवकर पटतो.

नवऱ्याला बोलवायच्या आधी मॅडमनी मला एकटीला विचारलं : तो मारतो का, त्याची भीती वाटते का, त्याच्यासमोर खरं बोललात तर घरी गेल्यावर काही होईल का. मी नाही म्हटलं, कारण तसं नव्हतं. हे त्यांनी का विचारलं, ते प्रत्येक बाईनं जाणून घ्यावं. जिथे मारहाण आहे तिथे जोडप्याला समोरासमोर बसवून समजूत घालणं बाईच्या जिवावर बेतू शकतं. तिथे आधी संरक्षण लागतं. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहे, 181 नंबर आहे.

नवरा होळीला आला. आमची होळी मोठी असते, लेंगी गाण्यांचा आवाज रात्रभर चालतो, त्यामुळे कुठेही गेलेला गोरमाटी, म्हणजे आमचा बंजारा माणूस, त्या दिवसांत घरी येतोच. वाशिमला चला म्हटल्यावर तो चिडला, "मी काय पागल आहो का?" शेवटी सासू त्याला म्हणाली, "तिले फरक पडून राह्यला, मी डोळ्यानं पाह्यलं. जा तिच्यासंगं." सासूच्या त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही. लिंबू आणणारी तीच होती, आणि गोळी घेतली का म्हणून रोज रात्री विचारणारीही तीच.

खोलीत मॅडमनी नियम घातला. एक जण बोलेल, दुसरा मधे बोलणार नाही. मग ऐकणाऱ्यानं सांगायचं की त्याला काय ऐकू आलं. बरोबर असेल तर बोलणाऱ्यानं हो म्हणायचं, नसेल तर पुन्हा सांगायचं. पहिल्यांदा मी बोलले. नवऱ्याला विचारलं, काय ऐकलंत, तर तो म्हणाला, "ही म्हणते मी पैसे देत नाही." मी पैशाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मी म्हटलं होतं, तुम्ही कॅमेरा फिरवायला सांगता तेव्हा मी चोर असल्यासारखी त्या घरात फिरते. मला ते तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा त्यानं तेच शब्द उच्चारले आणि मान खाली घातली.

मग त्याची पाळी आली. बराच वेळ तो टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होता. नंतर जे बोलला ते मला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. साइटवर त्याच्यासोबतचा एक पोरगा वरच्या स्लॅबवरून पडला होता. त्यानं ते डोळ्यांसमोर पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच स्लॅबवर ह्याला चढवलं. तेव्हापासून वर चढताना पाय थरथरतात, पत्र्याच्या खोलीत रात्री डोळा लागत नाही, म्हणून प्यायला लागला. घरी फोन लावायचा तो आवाज ऐकायला, आणि मी उचलला नाही की त्याला वाटायचं, आता तेही गेलं. "तुले सांगतलं असतं तर तू भेली असती," तो म्हणाला.

पुण्यात तो जागा, इथे मी जागी. दोघांच्या हातात फोन, आणि आम्ही एकमेकांवर पाळत ठेवत होतो. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, दुसरं काही केलं नाही. मला जे ऐकू आलं ते मी त्याला परत सांगितलं. त्यानं हो म्हटलं.

आमच्याकडे पुरुषाला रडायला कुठला सण नाही. यात्रेत बायका सूर धरतात तेव्हा पुरुष बाजूला उभे राहून बिडी पेटवतात. माझ्या नवऱ्यासारखे किती जण पुण्या-मुंबईच्या साइटींवर, उसाच्या फडात, सुरतेला, अशी भीती पोटात घेऊन राबत असतील आणि घरी फोनवर फक्त आवाज चढवत असतील, हा विचार मला आता सोडत नाही. बायकोच्या आजारासाठी आलेला माणूस तिथूनच स्वतःसाठीही चिठ्ठी घेऊन निघाला, ह्याचं मला समाधान आहे. पुण्यात तो पुढे फोनवर बोलत राहिला, कामही त्यानं बदललं. आता तो खालच्या मजल्यांवरचं काम घेतो, रोज थोडी कमी मिळते.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. दारू पूर्ण सुटलेली नाही. उचलीचं जुनं देणं अजून आहे, आणि देणं असलं की भांडणाला कारण मिळतंच. माझी गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली आणि मग थांबवली. पण झोप सलग दोन-तीन रात्री उडाली तर काय करायचं, कोणाला सांगायचं, ते आम्ही घरात ठरवून ठेवलं आहे. पैसे माझ्या खात्यावर येतात, नायकाचा तो निवाडा आम्ही मोडला नाही. कॅमेरा फिरव असं तो म्हणत नाही. 2025 च्या रामनवमीला मी दोन्ही लेकरांना घेऊन पोहरादेवीला गेले. तेलंगणातली माझी मावशी भेटली, आम्ही गळ्यात पडून पोटभर रडलो.

आमच्या नायकानं पुढे मला बोलावून सगळं विचारलं. मी लाजत लाजत सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आधी जाणा, पारखा, मगच माना, असं सेवाभायांनीच शिकवलं आहे, आपण पारखल्याशिवाय कायले नाही म्हणाचं? त्यानंतर तांड्यात नवरा-बायकोची एक बैठक बसली. त्यानं भांडणाचा निवाडा दिला आणि जाता जाता दोघांना सांगितलं, एकदा वाशिमला जाऊन या. माझ्या मते हीच योग्य वाट आहे. बैठक मोडायची गरज नाही, देवीला जाणं सोडायची गरज नाही. त्यांच्या पुढची एक पायरी आहे, ती चढायची.

म्हणून तांड्यातांड्यांच्या नायक-कारभाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यापुढे भांडण येईल तेव्हा बाईला पुढे बसवा, तिच्या तोंडून ऐका. आणि दोघांनाही एक प्रश्न विचारा : झोप येते का? नाही म्हणाले तर दंड लावायच्या आधी दवाखान्याची वाट दाखवा. ज्या बहिणींच्या घरी लहान बाळ आहे आणि बाळाची आई गप्प झाली आहे, त्यांनी तिला बाहेरचं लागलं म्हणू नये, आशाताईला बोलवावं. कोणीच नसेल तर फोन आहे. नंबर 14416. पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही, मराठीत बोलता येतं, आणि तो रात्रीही उचलतात.